तार सर्वांची, व्यापार अनेकांचा

घरोघरी पोहोचणारे इंटरनेट सरकारने चालवावे की ते खाजगी कंपन्यांच्या चढाओढीवर सोपवावे, हा वाद आपल्या देशात नवा नाही. परंतु जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने आपले मोबाइल दर सुमारे ११ ते २५ टक्क्यांनी वाढविले, आणि तेव्हापासून हा वाद तज्ज्ञांच्या बैठकींतून उठून मध्यमवर्गीय घरांच्या ओसरीवर येऊन बसला आहे. एक पक्ष म्हणतो, पाणी आणि वीज यांच्याइतकीच ही गरज निकडीची झाली असल्याने ती नफेखोरांच्या हाती ठेवणे हा अविचार होय. दुसरा पक्ष म्हणतो, सरकारी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत बसलेल्या पिढीने तरी हा सल्ला देऊ नये. दोन्ही पक्षांच्या पदरी अनुभवाचे पुरावे आहेत. मात्र दोघेही अर्ध्याच अनुभवाची साक्ष काढतात, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याचे नुकसान होते ते उरलेल्या अर्ध्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हा प्रश्न चैनीचा आहे, हा गैरसमज दूर केला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून दर पाच माणसांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात. त्यांचा मुख्य आधार धान. आज या शेतकऱ्याला सात-बाराचा उतारा हवा असेल, उभ्या पिकाची ई-पीक पाहणीत नोंद करावयाची असेल, आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी नाव नोंदवावयाचे असेल किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असेल, तर त्याला इंटरनेटवाचून गत्यंतर नाही. ही सक्ती बाजाराने केलेली नाही, ती शासनाने केली आहे. कामकाज संगणकावर गेले याबद्दल आमची तक्रार नाही; त्यामुळे तलाठ्याच्या दारातील कित्येक खेटे वाचले आहेत. परंतु ज्या शासनाने कचेरीचा दरवाजा इंटरनेटच्या टोकाशी नेऊन ठेवला, त्याच शासनाला ‘तेथवर जाण्याची वाट तुमची तुम्ही शोधा’ असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटवरून होणाऱ्या अभिव्यक्तीला राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे असे म्हटले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. हक्क एकदा मान्य झाला की तो पुरविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही.

शाळेशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या जबाबदारीची किंमत निराळी सांगावी लागू नये. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील आकड्यांनुसार इंटरनेटची सोय असलेली घरे ग्रामीण भागात १५ टक्क्यांहूनही कमी होती, तर शहरांत ती ४२ टक्के होती. या पाहणीनंतर दोन वर्षांच्या आतच, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे शाळांना कुलपे लागली आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घरातील मुलांच्या वाट्याला काय आले असेल हे सांगण्यासाठी कोणत्याही समितीच्या अहवालाची आवश्यकता नाही. वर्गातील मागच्या बाकावरचे मूल मागे पडले तर शिक्षकाला ते निदान दिसते. त्या दीड-दोन वर्षांत मागे पडलेली मुले कोणाच्या दृष्टीसच पडली नाहीत.

आता सरकारी मक्तेदारीचा हिशेब पाहू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील खाजगी टेलिफोन कंपन्या सरकारने १९४३ मध्ये ताब्यात घेतल्या, तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक टेलिफोन म्हणजे सरकारी खाते असेच समीकरण होते. त्या काळात टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षे मोजण्याचा प्रघात पडला. खात्याच्या दृष्टीने ग्राहक हा उपकृत इसम होता. त्याने वाट पाहावी, आणि यंत्र लागल्यावर ते बंद पडले तर पुन्हा वाट पाहावी. १९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची केंद्रे खेड्यापाड्यांत गेली आणि पिवळ्या पाट्यांची एसटीडी दुकाने गल्लोगल्ली उभी राहिली, हे याच सरकारी व्यवस्थेचे यश होय. ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा जुनीच खोड पुन्हा दिसली. सेवा मोजक्या शहरांपुरती, वेग कासवाचा आणि दर साहेबी. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवाने मिळेपर्यंत या निगमाला कोणी प्रतिस्पर्धीच नव्हता, आणि प्रतिस्पर्धी नसलेल्या माणसाला घाई नसते. धोरणाची दृष्टीही तशीच आखूड होती. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ ही पदवी बहाल केली. ती मर्यादा २ मेगाबिटपर्यंत नेण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

याच्या उलट चढाओढीचे फळ सर्वांनी चाखले आहे. १९९४ आणि १९९९ च्या दूरसंचार धोरणांनी दार उघडले, १९९७ मध्ये नियामक प्राधिकरण आले, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्सच्या जिओने बाजारात उडी घेतल्यावर दर अक्षरशः कोसळले. २०१४ मध्ये एका गिगाबाइटला अडीचशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. पुढील चार-पाच वर्षांत तो दर दहा-बारा रुपयांच्या घरात आला. कोणत्याही सरकारी फर्मानाने एवढे काम इतक्या थोड्या काळात केले नसते. लाखनीच्या बाजारातील भाजीवाली आज मोबाइलवर पैसे स्वीकारते आणि पवनीच्या घाटावर बसलेला तरुण स्पर्धा परीक्षेचे व्याख्यान ऐकतो, याचे श्रेय त्या चढाओढीला देणे प्राप्त आहे.

पण त्या चढाओढीचे पुढे काय झाले? ज्या देशात दहा-बारा कंपन्या ग्राहकाच्या मागे धावत होत्या, तेथे काही बंद पडल्या, काही विकल्या गेल्या, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया या दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या, आणि २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या थकबाकीविषयक निकालाने उरलेल्यांतील दुबळ्यांचे कंबरडे मोडले. आता खाजगी कंपन्या तीन, आणि त्यांतील एक कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेली. घरी तारेने येणाऱ्या इंटरनेटचा बाजारही याच वळणाने चालला आहे. भारत संचार निगमाचे अग्रस्थान नोव्हेंबर २०२१ मध्ये जिओने घेतले, आणि त्यानंतर एअरटेलनेही त्याला मागे टाकले. व्यापाऱ्याला चढाओढ प्रिय असते ती बाजारात शिरेपर्यंत. शिरल्यावर तिचा शेवट करणे हाच त्याचा स्वाभाविक उद्योग असतो. यात आम्ही कोणाला दोष देत नाही. मांजराने दूध प्यावे हा त्याचा धर्मच आहे. शिंके उंच बांधणे हे घरच्यांचे काम. चढाओढ ही आपोआप टिकणारी वस्तू नव्हे, ती नियमांनी टिकवावी लागते, एवढाच धडा जुलै २०२४ च्या दरवाढीतून घ्यावयाचा आहे.

आणि जेथे चढाओढ कधी आलीच नाही त्या गावांचे काय? भंडारा शहरात राहणाऱ्या आमच्या वाचकाला निदान दोन-चार कंपन्यांच्या जाहिराती चाळून निवड करता येते. मोहाडी, लाखांदूर किंवा साकोली तालुक्यातील आडवळणाच्या गावाला निवड कसली? तारेचा हिशेब साधा आहे. किलोमीटरभर चर खणून तार पुरण्यास शहरात आणि रानात थोडाफार सारखाच खर्च येतो. शहरात त्या किलोमीटरवर शेकडो घरे असतात, तर रानात धानाच्या बांध्या. कंपनी कितीही सज्जन असली तरी ती बांधीला बिल पाठवू शकत नाही. देशातील ब्रॉडबँड ग्राहकांची संख्या २०२४ च्या अखेरीस ९४ कोटींच्या वर गेली, परंतु त्यांपैकी घरी तार घेतलेले ग्राहक चार कोटींहून थोडेच अधिक होते. उरलेल्यांचे ‘घरचे इंटरनेट’ म्हणजे हातातला मोबाइल आणि आकाशात कोठेतरी असलेला मनोरा. ढग भरून आले की संदेश जातो, वीज गेली की मनोराही जातो.

एस.टी.चे उदाहरण येथे लागू पडते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी गाडी धावली, तेव्हा खाजगी मोटारवाल्यांचा धंदा बुडाला अशी ओरड झाली होती. आज भंडाऱ्याहून नागपूरला जाण्यास खाजगी वाहनांची वाण नाही. परंतु आडगावी मुक्कामाला जाते आणि पहाटे शाळेची मुले घेऊन परतते ती एस.टी.च. ती मोडकी असेल, उशिरा येत असेल, पण येते. फायद्याचा रस्ता सर्वांना हवा असतो. तोट्याचा रस्ता कोणाला तरी घ्यावा लागतो. भंडारा रोड हे स्टेशन वरठीला आणि शहर त्यापासून दूर, ही आपली जुनी व्यथा आहे. हावड्याहून मुंबईला जाणारी मोठी लाइन आपल्या हद्दीतून जाते, पण तिच्यापर्यंत आपणच जावयाचे. इंटरनेटच्या मोठ्या लाइनीही राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने अशाच जातात, आणि शेजारचे गाव त्यांच्याकडे पाहत राहते.

सरकारला हे समजलेले नाही असे नव्हे. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये घेतला; २०१५ मध्ये त्या योजनेचे ‘भारतनेट’ असे नवे नामकरण झाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाने ‘महानेट’ या नावाने अंगावर घेतले. २०२५ च्या प्रारंभापर्यंत देशातील सुमारे २ लाख १४ हजार पंचायती ‘सेवेस सज्ज’ झाल्याचे सांगण्यात आले. सज्ज हा शब्द मात्र फसवा आहे. लग्नघरी मांडव सज्ज असणे आणि लग्न लागणे यांत फरक असतो. तार पंचायतीच्या इमारतीत येऊन थांबली, पेटी भिंतीवर बसली, पण कोठे वीज नाही, कोठे खोलीला कुलूप, तर कोठे रस्तारुंदीकरणाच्या यंत्राने तारच तोडलेली, हा देशभरचा अनुभव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने याच योजनेची सुधारित आवृत्ती मंजूर केली आणि तिच्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपये ठेवले. या आवृत्तीत दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद केली आहे, ही आमच्या मते तिच्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. बारा वर्षांनी का होईना, देखभाल हे कामाचे शेपूट नसून कामच असते हे ध्यानात आले.

आपल्या जिल्ह्याला तर हा धडा बाहेरून शिकण्याचे कारणच नाही. तलावांचा जिल्हा म्हणून आपण मिरवतो. ते तलाव कोहळी समाजातील जाणत्या पूर्वजांनी आणि मालगुजारांनी बांधले. मालगुजार परोपकारी होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याची स्वतःची शेती तलावाखाली होती, म्हणून पाळ फुटली तर त्याची झोप उडे. भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी नाहीशी झाली, आणि ते न्याय्यच झाले. तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या नावाचा संक्षेप होऊन ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. परंतु मालकी बदलताना गाळ कोण काढणार, पाट कोण राखणार, हे ठरले नाही. लोक म्हणाले तलाव सरकारचा. सरकार म्हणाले लाभ लोकांचा. आणि दोघांच्या मध्ये गाळ साठत गेला. खाजगी मालकीत अन्याय होता, सरकारी मालकीत अनास्था आली. तलाव कोणाच्या नावावर आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच पाळ फुटल्यावर पहिली धाव कोणी घ्यावयाची हे महत्त्वाचे. तारेचेही तसेच आहे.

मग मार्ग कोणता? आमच्या मते तार आणि सेवा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. जमिनीतील तार ही रस्त्यासारखी आहे. एकाच गावाला चार कंपन्यांनी चार चर खणणे ही उधळपट्टी, आणि एकाच कंपनीने खणून त्यावर आपले फाटक लावणे ही मक्तेदारी. म्हणून तार सार्वजनिक असावी आणि तिच्यावरून सेवा देण्याची मुभा समान भाड्याने सर्वांना असावी. मग त्यात मोठी कंपनी येवो, भारत संचार निगम येवो, की गावातील केबलवाला येवो. ही कल्पना पुस्तकी नाही. स्वीडनमधील स्टॉकहोम नगरपालिकेने १९९४ मध्ये स्टोकाब नावाची कंपनी काढून शहरभर प्रकाशतंतू टाकले. ही कंपनी ग्राहकाला स्वतः इंटरनेट विकत नाही. मागेल त्या सेवादात्याला समान अटींवर तार भाड्याने देते. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये अशीच राष्ट्रव्यापी योजना हाती घेतली. पण २०१३ मध्ये सरकार बदलताच आराखडा बदलला, प्रकाशतंतूंच्या जागी अनेक ठिकाणी जुन्या तांब्याच्या तारा आल्या, आणि पुढे पुन्हा खर्च करावा लागला. पहिले उदाहरण अनुकरणासाठी आहे, दुसरे सावधगिरीसाठी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की पैसा कोठून आणणार? पैसा आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाचे पाच टक्के सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतले जातात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले. तो भार अखेरीस ग्राहकाच्याच बिलातून जातो. म्हणजे शहरी ग्राहक खेड्यातील तारेचे पैसे आजच भरत आहे. त्या पैशाची सेवा झाली की नाही हे विचारण्याचा त्याला पुरेपूर अधिकार आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तार सरकारच्या हाती गेली की तिची कळही सरकारच्या हाती जाईल आणि मनास येईल तेव्हा ती बंद केली जाईल, हे भय निराधार नाही. परंतु कायद्याने तो अधिकार सरकारला खाजगी तारेवरही दिलेला आहे. त्यावरचा उपाय मालकी बदलणे हा नसून बंदीचा प्रत्येक हुकूम प्रसिद्ध करणे आणि तो न्यायालयात तपासला जाणे हा आहे. अनुराधा भसीन खटल्यातील निकालाने हेच सांगितले. नियामकाने कणखरपणा दाखविला तर काय होऊ शकते, हे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दिसले आहे. संकेतस्थळांमध्ये भेद करून वेगवेगळे दर लावण्यास त्याने त्या दिवशी मनाई केली, आणि फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’सारखी मोफत म्हणविणारी पण कुंपण घातलेली योजना मागे घ्यावी लागली.

भारत संचार निगमाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. त्याच्यावर २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून तीन लाख कोटींहून अधिक रुपयांची साहाय्य-योजना जाहीर झाली. ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. तरीही ज्या ४जी सेवेने २०१६ मध्ये खाजगी कंपनीने देश व्यापला, तिची स्वदेशी सरकारी यंत्रणा राष्ट्राला अर्पण झाली ती २७ सप्टेंबर २०२५ रोजी. हा दोष निगमाच्या तंत्रज्ञांचा म्हणावा की मालकाच्या धरसोडीचा? जो मालक स्वतःच परवाना देतो, स्वतःच धोरण ठरवितो आणि आपल्याच कंपनीला वेळेवर साधने देत नाही, त्याने तिच्या तोट्याबद्दल तिलाच बोल लावणे शोभत नाही. आणि तरीही, जुलै २०२४ मध्ये दर न वाढविणारी हीच एक कंपनी होती, आणि त्यानंतरचे काही महिने ग्राहक तिच्याकडे वळले. बाजारात एक प्रामाणिक माप असावे लागते. ते माप गंजलेले असेल तर घासावे. भंगारात घालू नये.

जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्यांतील एकीलाही दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद यांनी प्रत्येक ग्रामपंचायतीची तार आज चालू आहे की बंद, आणि बंद असल्यास किती दिवसांपासून, याची यादी दरमहा प्रसिद्ध करावी. देखभालीचे काम त्याच परिसरातील केबलचालकांना व आय.टी.आय. झालेल्या मुलांना ठरावीक मोबदल्याने द्यावे, आणि तार जितके दिवस बंद तितका मोबदला कापावा. यापुढे जिल्ह्यात जो रस्ता खणला जाईल त्याच्या कडेला तारेसाठी रिकामी नळी पुरल्याशिवाय कंत्राटदाराचे देयक मंजूर करू नये. आणि शहरातील गृहनिर्माण संस्थांनी एकाच कंपनीला इमारत आंदण देण्याचे करार करू नयेत. चढाओढीचे गोडवे गाणाऱ्याने आपल्या जिन्यात तरी तिला येऊ द्यावे.

आमचा वाचक बहुतांशी शहरात राहणारा आणि शिकलेला आहे. त्याला चांगली सेवा मिळाली की हा प्रश्न मिटला असे वाटण्याचा मोह होईल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची मुळे तुमसर-पवनीकडच्या कोणत्या ना कोणत्या गावात आहेत, आणि त्या गावचा विद्यार्थी, त्या गावचा धान आणि त्या गावचा मतदार यांच्यावरच या शहराचा बाजार चालतो. सरकारी खात्याला जाब विचारणे आणि कंपनीला पर्याय दाखविणे, ही दोन्ही शस्त्रे शहरी मध्यमवर्गाच्या हाती आहेत. ती त्याने केवळ आपल्या बिलासाठी न वापरता पंचायतीतील त्या बंद पेटीसाठीही वापरावीत, अशी आमची त्याला विनंती आहे. जिल्हा परिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत या यादीची मागणी किती सदस्य करतात, याकडे आमचे लक्ष राहील.